चाळीस घरांचं शून्य

बैठकीच्या खोलीत मी दबकतच शिरलो. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि तोंड उघडायचं नाही, असं ते काम. आणि आता रुग्णालयाच्या समितीवर मी! नवं यंत्र सगळ्यांना द्यावं का, हे ठरवताना वापरणाऱ्यांच्या घरातलंही कोणी हवं, असा त्यांचा नियम.

यंत्र हिच्या दंडावर होतं, बटणाएवढं. रक्तातली साखर घसरली की वाजायचं. साखर उतरल्याचं हिला हल्ली कळतच नाही, त्यामुळे सहा महिने आमचा जीव त्या बटणात होता.

"त्या दुपारचं काही बोलू नका हं," बाहेरच्या बाकावर बसता बसता ही म्हणाली होती. "काढून घेतील."

त्या दुपारी ते वाजलंच नव्हतं. मी पुस्तकात डोकं घालून बसलेलो. चहाचं विचारायला स्वयंपाकघरात गेलो, तर ही कपाटाला टेकून जमिनीवर, घामाने चिंब, जीभ जड झालेली. साखरेचं पाणी पाजताना निम्मं तिच्या अंगावर सांडलं.

महिनाअखेरीच्या फॉर्मवर रकाना होता: न वाजलेले इशारे किती? मी पेन्सिलने एक लिहिला. हिने माझा हात धरला. मग मी तो खोडून शून्य केलं.

"चाळीस घरं, सहा महिने," अध्यक्ष डॉक्टरबाई वाचत होत्या. "न वाजलेले इशारे शून्य. छान! कोणाला काही शंका?"

त्यातलं एक शून्य खोटं होतं, ते माझं. उरलेल्या एकोणचाळीस घरांतही कोणी कोणाचा हात धरला असेल का? उद्या हे यंत्र हजारो दंडांवर बसणार, आणि प्रत्येकाच्या शेजारच्या खोलीत कोणी असेलच असं नाही.

"काका, पाणी घ्या. पांढरे पडलात," शेजारच्या खुर्चीतला ड्रायव्हर कुजबुजला. तोही माझ्यासारखाच समितीवर आलेला; त्याच्या आईला हेच यंत्र होतं.

"माझं शून्य चुकीचं आहे," मी म्हणालो.

"जरा मोठ्याने बोला," बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा बोलणं पहिल्यापेक्षा जड गेलं.

मग ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "आमच्या आईचं दोनदा वाजलं नाही. तिने शपथ घातली होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तक्रार केली तर यंत्र काढून घेतात, असं सांगितलं कोणी तुम्हाला?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "भीती वाटली."

"तक्रारीसाठी कोणाचं काढत नाही आम्ही. पण आता ही दोन्ही तपासावी लागतील. आजच. बदली द्यायला आहेत तीही याच बनावटीची, ती कशी देऊ? तोवर दर दोन तासांनी बोट टोचून साखर मोजा."

नर्सने यंत्र सोलून काढलं. हिच्या दंडावर फिकट गोल डाग राहिला. बसथांब्यापर्यंत ही माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली.

"जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात," शेवटी म्हणाली, "आज स्वतःची काढायची हौस आली!"

मी बस येते का ते बघू लागलो.

"दोन तासांचं घड्याळ लावलंत?"

"लावलं."

"पिशवीत पुस्तक असेलच."

"आहे."

"ते राहू दे तिथेच. माझ्याकडे बघा."

मी बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता. ऊन तर होतंच. उन्हाचाच असेल. मी पिशवीत सुईची डबी चाचपू लागलो, आणि हाताला आधी पुस्तकच लागलं.