पिकअपचं घडीचं झाकण

मुंजाजी गेले तो सिरसाळ्याच्या बाजाराचा दिवस होता. त्यामुळे मयताचं कापड आणायला कुणाला लांब जावं लागलं नाही. परळीच्या महारुद्र आप्पांची पिकअप धोतरं, पंचे, उपरणी घेऊन बाजारात उभीच होती. धाकट्या मुलाने कापड आणलं, दोघांनी टोकं धरून ते झटकलं आणि घडीतून पाच-सहा लेंड्या सुटल्या. त्या मुंजाजींच्या छातीवरून घरंगळत गेल्या आणि हनुवटीपाशी थांबल्या.

मुंजाजींची बायको भिवराबाई सकाळपासून भिंतीला टेकून रडत होती. तिने लेंड्यांकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. आधी पदरात हसली, मग पदर पुरेना.

"जलमभर म्हनले, दारात शेरडू बांधायचं न्हाई, मला वास सहन होत न्हाई," ती म्हणाली. "घ्या आता."

तिच्या जावा हसल्या, मग तिरडी बांधणारे हसले. ज्येष्ठ मंडळी घसा खाकरत अंगणात निघून गेली आणि तिथे खांदे हलवत उभी राहिली. पिकअप संध्याकाळी परळीत पोचली, पण गोष्ट तिच्या आधी पोचली होती. वाटेत ती चांगली धष्टपुष्टही झाली होती. मोंढ्यात लोक सांगत होते की आप्पांच्या कापडातून जिवंत करडू निघालं आणि मयताच्या अंगावर उभं राहून ओरडलं.

झालं होतं ते असं. पिकअप दोघांत घेतलेली होती. तेव्हा नवं सगळंच येत होतं. गावात छपरांवर डिश आल्या होत्या, पानटपरीवर नवा कोला आला होता, आणि वैजनाथाच्या देवळाजवळ तीन पिढ्या कापड विकणाऱ्या महारुद्र आप्पांनाही वाटलं की आपण चार चाकांवर जावं. एकट्याच्या आवाक्यात गाडी बसेना, म्हणून त्यांनी बिभीषणला भागीदार करून घेतलं. बिभीषण शेरडांचा व्यापार करायचा. साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर तो गाडी शिकलेला, त्यामुळे ड्रायव्हरचाही प्रश्न मिटला. मोठी शेरडं न्यायची तेव्हा गाडी पूर्ण बिभीषणची. बाजाराच्या दिवशी पुढे आप्पांचं कापड, मागे बिभीषणची चार-दोन करडं, मध्ये एक फळी, वर ताडपत्री.

पण परळीत वीजकेंद्राच्या धुराड्यांतून वरून राख पडते. भस्म देवळात जाऊन लावायची गरज नाही, ओसरीवर बसलं तरी लागतं. ताडपत्रीच्या फटीतून ती कापडावर बसायची. करडांनी ताडपत्रीच्या दोऱ्या खाल्ल्या, मग ताडपत्री फडफडायला लागली, मग करडं फळी ओलांडून मऊ गठ्ठ्यांवर झोपायला लागली. पुढचं सिरसाळ्याने पाहिलं.

आप्पांची बायको उमाबाई दुपारची दुकानात बसायची. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने तिला विचारलं, "मामी, धोतराबरोबर करडू फुकट हाय का वेगळं घ्यावं लागतं?" तिने त्याला धोतर दिलं, सुटे पैसे दिले, आणि जेवायला आलेल्या नवऱ्याच्या ताटात भाकरी जरा उंचावरून टाकली.

"ताडपत्री बास झाली," ती म्हणाली. "टणक झाकण बसवा. पत्र्याचं."

बिभीषणला निरोप गेला. तो आला आणि ओसरीवर बसला. "झाकणाला माजी ना न्हाई, आप्पा. पर मोठी शेरडं उभी ऱ्हात्यात. त्यांच्या डोक्यावर झाकण कसं ठेवायचं? घडी होनारं पायजे."

असं झाकण परळीत कुणी करत नव्हतं. मांजरसुंब्याला चौकात ढाब्यांच्या ओळीमागे धोंडीराम म्हणून एक बॉडीवाला होता, तो करतो असं कळलं. जायचं ठरलं. उमाबाई म्हणाली, मी येणार. कारण आप्पा एकटे गेले की दुकानदार दाखवेल त्यातलं सगळ्यात चकचकीत घेऊन येतात. बिभीषणची बायको साखराबाई म्हणाली, मग मीपण; कारण तिचं मांजरसुंबा बघायचं राहिलं होतं. फाटकी ताडपत्री काढून टाकली होती; दोघी मागे गोणपाटावर बसल्या आणि बिनफडफडीचा वारा खात गेल्या.

धोंडीराम गोड बोलणारा माणूस होता. त्याने आधी एक गोल टोपी दाखवली, पक्की वेल्डिंग केलेली. "एकदा बसवली की मुलीच्या लग्नापर्यंत बघायला नको."

"आनि शेरडं?" बिभीषणने विचारलं.

"बसून जातील."

"शेरडं यष्टीत बसल्यावानी बसत न्हाईत, मिस्तरी."

मग त्याने एकसंध झाकण दाखवलं. ते उचलायला दोघे लागले आणि उघडल्यावर वाऱ्याने असं आपटलं की शेजारच्या ढाब्यावरचा एक माणूस ताट सोडून उठला. शेवटी धोंडीराम आत गेला आणि एक जुनं परदेशी कॅलेंडर घेऊन आला. त्यावर एक लांबलचक गाडी होती, गाडीच्या मागच्या बाजूला काळं, तीन पाळ्यांत, म्हणजे तीन भागांत, दुमडणारं झाकण होतं, आणि झाकणावर एक गोरी बाई थोडक्या कपड्यांत बसलेली होती.

"हे मॉडेल. आता सगळं खुलं झालंय, आपल्याकडेबी व्हायला काय हरकत?"

आप्पा आणि बिभीषण दोघांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"बिजागऱ्या कुठं हायत त्यात?" उमाबाईने विचारलं.

दोघांनाही सांगता आलं नाही.

तसंच एक झाकण धोंडीरामकडे तयार होतं. कुणीतरी करायला सांगून परत फिरकलंच नव्हतं. यष्टीच्या पायरीला असतो तसा टिपक्या-टिपक्यांचा ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली लाकडी चौकट, तीन पाळ्या, पाळ्यांच्या मध्ये पट्टीच्या बिजागऱ्या. दुमडलं की केबिनला टेकून उभं राहायचं. माप थोडं घासून बसलं. आत आडवा पत्रा टाकायचा, म्हणजे पुढच्या पाळीखाली कापड आणि मागच्या दोन पाळ्यांखाली करडं, असं धोंडीरामने सुचवलं. इथवर सगळे खूश होते.

मग रबराचा प्रश्न निघाला. आप्पांना चारी बाजूंनी आणि प्रत्येक सांध्याला रबराची पट्टी हवी होती. राखेचा कण आत जाता कामा नये.

"मंग हवा कुठून जायची?" बिभीषण म्हणाला. "करडं गुदमरतील."

"तुझी करडं चार तास गप बसली तर जगबुडी व्हनार हाय का?"

"गप बसतील की. कायमची."

"तुझ्या करडांनी माझी अब्रू घालवली, बिभीषण. मयताच्या घरी."

"तुमची अब्रू एवढ्याशा लेंडीनं जात आसंल तर लई हलकी व्हती म्हना की, आप्पा."

आप्पा म्हणाले, गाडी विकून टाकू. बिभीषण म्हणाला, विका. दोघे ढाब्यावर गेले आणि वेगवेगळ्या बाजांवर एकमेकांकडे पाठ करून बसले. ढाबेवाल्याने एकाला विचारलं, दोन चहा का? तर दोघेही वेगवेगळ्या दिशेला तोंड करून म्हणाले, एक.

बायका गाडीपाशीच होत्या. साखराबाईने झाकणावर हात फिरवला. "उमाक्का, ह्यांचं काय संपत न्हाई. मी आत निजते. तुमी लावा."

"आत?"

"करडाला सांगता येत न्हाई हवा हाय का न्हाई. मला येतंय."

धोंडीरामने कडेने तात्पुरतं रबर लावलं. साखराबाई लुगडं सावरून मागच्या भागात आडवी झाली, आणि उमाबाईने पाळ्या एकेक करून खाली आणल्या. धोंडीरामने खटका दाबला.

"कसं हाय गं?" उमाबाईने वाकून विचारलं.

"अंधार हाय," आतून आवाज आला. "हवा हाय थोडी. फळीच्या बाजूनं येतीय."

उमाबाईने जरा थांबून उघडायला सांगितलं. खटका उघडेना. धोंडीरामने ओढला, मग पाना लावला, मग हातोडी आणली. घासून बसलेलं माप आता पक्कं बसलं होतं. हातोडीच्या आवाजाने ढाब्यावरचे ट्रकवाले आले, त्यांच्यामागे पानवाला, आणि चौकातला हवालदार.

"आत काय हाय?" हवालदाराने विचारलं.

"बाई हाय," धोंडीराम म्हणाला.

हवालदाराने कमरेचा पट्टा वर ओढला. "कुनाची?"

तेवढ्यात बिभीषण धावत आला. "माजी. बायको हाय."

"मंग कोंडली कावून?"

"मी न्हाई कोंडली, सायेब. ती आपल्या मनानं गेली."

हे ऐकून ट्रकवाल्यांत खसखस पिकली. हवालदाराने झाकणावर काठी वाजवली. "बाई, तुमाला जबरदस्तीनं घातलं का?"

"न्हाई, सायेब," आतून साखराबाई शांतपणे म्हणाली. "हवा बघतीया."

"बाहेर यायचंय का?"

आत थोडा वेळ काही आवाज झाला नाही. बिभीषणचा चेहरा उतरला. त्याने दोन्ही हात झाकणावर ठेवले. "साखरे? बोल की. साखरे?"

"बोलतीया की. इचार करत व्हते," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं एवढं गार गप कुटं निजायला मिळालं न्हाई. मिस्तरी, दमानं काढा. अन् तुमी दोगं ऐका. आप्पा हायत का तिथं?"

"हाय," आप्पा म्हणाले. चहाचा कप त्यांच्या हातातच होता.

"तुमच्या कापडाला चारी बाजूंनी रबर लावा. राख जानार न्हाई. मागं करडाच्या बाजूला लावू नका. तिथनं राख आली तर करडाला कोन इकत घ्यायच्या आधी धुनार हाय? आनि ह्यो खटका आतनं उघडनारा पायजे. मानूस कोंडलं तर."

"मानूस कावून कोंडंल?" धोंडीराम म्हणाला.

एक ट्रकवाला एवढा हसला की त्याला बाजेवर बसवावं लागलं.

शेवटी बिजागरीचे खिळे काढून पाळी उचलली. साखराबाई उठून बसली. केसांत लाकडाचा भुसा, कपाळावरचं कुंकू पसरलेलं, आणि चेहरा झोपेतून उठल्यासारखा. बिभीषणने तिला हात दिला आणि खाली उतरल्यावरही तो सोडला नाही, एवढ्या लोकांसमोर. तीच म्हणाली, "सोडा आता, लोक बघतेत."

हवालदाराने काही लिहून घ्यावं का असा चेहरा केला. उमाबाईने पिशवीत हात घालून त्याला विचारलं, "तुमाला पंचा लागतो का, भाऊ? चांगला हाय." त्याला लागत नव्हता, पण त्याने एक घेतला आणि तो गेला.

झाकण तेच ठरलं. कापडाच्या भागाला रबर, करडांचा भाग उघड्या फटीचा, कडेने थोडं घासून माप सैल केलं, आणि खटका दोन्हीकडून उघडणारा. आप्पांनी एकदा कॅलेंडरकडे पाहून विचारलं की काळा रंग मारता येईल का. उमाबाई म्हणाली, काळ्या रंगावर राख दिसते. तो विषय तिथेच थांबला.

काम संपेपर्यंत दुपार कलली. परत निघताना आप्पा केबिनमध्ये बिभीषणच्या शेजारी बसले. नेकनूरच्या पुढे बिभीषण म्हणाला, "मगाशी अब्रूचं बोललो ते…"

"मीबी करडांचं बोललोच की," आप्पा म्हणाले. "समोर बघ, बैलगाडी हाय."

केजला चहासाठी गाडी थांबवली. आप्पा बायकांना बोलवायला मागे गेले. पुढची पाळी बंद होती, मागच्या दोन दुमडून त्यावर टेकवलेल्या होत्या, आणि गोणपाटावर उमाबाई आणि साखराबाई एकमेकींच्या खांद्याला डोकं लावून झोपल्या होत्या. उमाबाईचं तोंड किंचित उघडं होतं. दुकानात, घरात, कुठेही आप्पांनी तिला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं.

बिभीषण मागून आला. "उठवू का?"

"कावून?" आप्पा म्हणाले.

ते टपरीकडे वळले आणि एकाच बाकड्यावर बसले. टपरीवाल्याने विचारलं, किती? आप्पांनी दोन बोटं दाखवली आणि हळू बोल म्हणून खूण केली.