चुका काढणारी चिनी पोथी

मी एक जुनी चिनी पोथी, दोऱ्यानं शिवलेली. स्वभावानं म्हणाल तर अगदी खाष्ट! माझ्या पंडितानं मला लिहिलंच आधीच्या ग्रंथांतल्या आणि रूढींतल्या चुका दाखवायला. मित्रांनो, चुका काढणारी कुणाला आवडते हो? तरी एके काळी माझं कौतुक झालं, माझ्या प्रती निघाल्या. मी त्यांतलीच एक. पुढे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात आले आणि कपाटात धूळ खात पडले. फार एकटं वाटायचं.

मला बाहेर काढलं ज्ञानदानं. चिनी शिकणारी ही मुलगी विद्यापीठाजवळच्या वेस्ट विंडसर गावात सुचित्रामावशींकडे भाड्यानं राहते. परवा मावशींना नात झाली, जरा लवकरच. मुलगा सत्यजित तेव्हा कामासाठी सिएटलला होता. तो धावतपळत घरी आला, तर मावशी दारात आडव्या!

"मूळ नक्षत्रावर झालीय. नक्षत्रशांती होईपर्यंत बापानं तोंड बघायचं नाही. पुण्याच्या गुरुजींनी सांगितलंय."

"आई, प्लीज! माझी मुलगी आहे गं ती." बिचाऱ्याचे डोळे भरून आले. आत सून सलोनीही रडत होती.

मला उघडून बसलेली ज्ञानदा उठली. "मावशी, गुरुजींना वेळ कुठली सांगितलीत?"

"इथलीच, रात्री आठची."

तिनं लगेच गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, "अहो, मी ती पुण्याचीच धरली! तिथले रात्रीचे आठ म्हणजे इथली दुसऱ्या दिवशीची पहाट, तोवर मूळ संपलं होतं."

मावशींचा जीव भांड्यात पडला. "जा रे बाबा, बघ लेकीला!" सत्यजित आत पळाला. मला मात्र चैन पडेना. हिशेब सुधारला, पण समजूत तशीच राहिली ना!

ज्ञानदालाही तेच वाटलं असावं. "मावशी, खरंच मूळ असतं तर?" तिनं माझं पान वाचून दाखवलं. चीनमध्ये म्हणे वर्षाच्या पाचव्या महिन्यात जन्मलेलं मूल आईबापांच्या जिवावर उठतं असं मानायचे. माझा पंडित चिडला आणि अशा मुलांचे म्हातारे होईपर्यंत जगलेले आईबाप त्यानं एकेक करून मांडले.

मावशींनी मला जवळ ओढून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मी मुळावरचीच. माझ्या वडिलांनी, दादांनी, महिनाभर मला हातात घेतलं नव्हतं. नव्वदी गाठली त्यांनी. लिही, त्या चिनी लोकांच्या खाली माझ्या दादांचं नाव लिही."

लायब्ररीची पोथी मी, म्हणून ज्ञानदानं चिठ्ठीवर लिहून ती माझ्या पानात ठेवली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, आम्हा जुन्या पोथ्यांची धूळ झटका, पण तेवढ्यावर थांबू नका. आम्हाला वाचा, आमच्याशी भांडा. आमची चूक दिसली तर खुशाल दाखवा. आम्ही रागावत नाही. कुणी उघडलंच नाही, तर मात्र फार वाईट वाटतं.