पडद्यावरची चिठ्ठी

“अटळ,” शिवणयंत्र न थांबवता आई म्हणाली. “बोल.”

मुलगी छताकडे बघत राहिली. “इन... इनएव्ह... थांब, सांगू नकोस.”

“इनएव्हिटेबल. ऐकून ऐकून माझं पाठ झालं, तुझं मेलं होईना.”

परीक्षेचे अवघड इंग्रजी शब्द मुलगी चिठ्ठ्यांवर लिहायची, मागे मराठी अर्थ. आईला इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून ती अर्थ वाचायची आणि मुलीने शब्द सांगायचा. आला, तर चिठ्ठी बटणांच्या डब्यात. अडला, तर टाचणी लावून खिडकीच्या पडद्यावर. पँट आखूड करून घ्यायला येणारी गिऱ्हाइकं विचारायची, सेल लागलाय का?

‘अटळ’ची चिठ्ठी पडद्यावरून हलायचं नाव घेत नव्हती.

मध्येच आईला सुई ओवता येईना. तिने आधी चष्म्याला बोल लावला, मग दोऱ्याला. एक दिवस हातातून कात्री सुटून पायावर पडली, तेव्हा कुठे दोघी दवाखान्यात गेल्या.

रिपोर्ट आले त्या दिवशी मुलगी आधी एकटीच आत जाऊन आली. “डॉक्टर, आईसमोर इंग्रजीतच बोला. हात जाणार हे कळलं तर ती हायच खाईल.” अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

डॉक्टर भले गृहस्थ. सावकाश, समजावून बोलले. नसांचा आजार आहे, गोळ्यांनी थोडा लांबेल. बोटांतली ताकद जाणं मात्र... आणि तो शब्द आला. मुलीने दचकून आईकडे पाहिलं. आई टेबलावरचा पेपरवेट बघत होती.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, “काय म्हणाले गं?”

“गोळ्या दिल्यात. होईल बरं.”

“बरं.”

घरी आल्यावर आई कपडेही न बदलता पडद्यापाशी गेली. चिठ्ठ्या उलटून बघत तिने हवी ती शोधली.

“हा शब्द आता काही तू विसरत नाहीस,” ती म्हणाली. “डबा आण.”

मुलीला रडू फुटलं. तिने डबा आणला.

आईची बोटं टाचणीवरून पुन्हा पुन्हा घसरत होती. मुलीने हात पुढे केला.

“राहू दे. काढते मी.”

मुलगी डब्याचं झाकण उघडून तशीच उभी राहिली.