झाकणातलं भोक

"ये किसने तोडा, रज्जाक?"

धाकट्या मडमनं किटलीचं चिनीमातीचं झाकण उजेडाकडे धरलं. मधोमध बोट जाईल एवढं भोक होतं.

रज्जाक पुढे झाला. सोलापूरच्या या गिरणीसाहेबाच्या बंगल्यावर खानसामा म्हणून त्याचे केस पिकले होते. त्याच्या हातून कधी साधी बशी फुटली नाही, असं सगळे सांगायचे. सगळ्यांत जास्त तोच सांगायचा. मोठी मडम वारली, चौतीस सालच्या उन्हाळ्यात साहेब कायमचे विलायतेला निघाले. सामान बांधायला मडमेची धाकटी बहीण आली होती, आणि निघता निघता हा डाग!

पेटीतली ही भांडी रज्जाक आज पहिल्यांदाच बघत होता. निळ्या फुलांची उंच किटली, उंच अरुंद पेले, खोलगट बशा. चहाची म्हणावीत तर तशी दिसत नव्हती.

"हमारी नानी का है," मडम म्हणाली. "इसमें गरम चॉकलेट पीते थे."

रज्जाकनं भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड गुळगुळीत होती, आतपर्यंत चकचकीत.

"टूटा नहीं, मेमसाब. बनायाच ऐसा है."

"ढक्कन में छेद? किसलिए?"

ते त्याला तरी कुठं ठाऊक होतं? मडमेच्या डोळ्यांतला संशय त्याला सोसवेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातली बनाबाई ताकानं माखलेली रवी घेऊनच दारात आली.

"चाचा, लोन्याचा वाडगा कुटं ठिवलाय?"

रज्जाकची नजर रवीच्या दांड्याच्या टोकावर गेली. "ही कुठं मिळाली तुला?"

"कपाटात पडल्याली. म्या आल्यापास्नं हिनंच घुसळती की."

त्यानं रवी घेतली. दांड्याच्या टोकाला बोराएवढी काळपट गोळी होती. बाहीनं घासली, तशी मळाखालून निळं फूल वर आलं. किटलीवरचंच फूल! त्यानं दांडा झाकणाच्या खालून घातला. गोळी अलगद भोकातून वर आली.

साता समुद्रापलीकडे कुणी म्हातारी चॉकलेट घुसळायला अशीच दोन तळव्यांत रवी फिरवत बसत होती तर!

"नानी..." म्हणत मडम जमिनीवरच बसली. मग रज्जाकचा हात धरून म्हणाली, "माफ करना."

"चाचा," बनाबाई हळूच म्हणाली, "लोनी यायचं हाय अजून."

रज्जाकनं भीत भीत ते मडमला सांगितलं. ती हसली, डोळे पुसले. "आने दो."

पेटी उघडी ठेवून सगळे लोण्यासाठी थांबले. लोणी आलं. बनाबाईनं रवी धुतली, पदरानं पुसली आणि रज्जाकच्या हाती दिली. त्यानं ती पेटीत भरलेल्या गवतात झाकणाशेजारी निजवली.

"बाजारातनं नवी रवी आनाया पायजे," बनाबाई म्हणाली.

साहेबांची गाडी उद्या सकाळची होती. बंगल्यात ताक प्यायला कुणी उरणार नव्हतं.

"आणू," रज्जाक म्हणाला, आणि त्यानं पेटी मिटली.