मुठीतला फ्यूज

मुलांनो, कल्पना करा बरं. पीठ चाळायची एक जुनी चाळणी आहे. कड वाकली म्हणून स्वयंपाकघरातून बाद झालेली. कुणीतरी ती भिंतीवर दिव्यापुढे बसवली आहे. दिवा लागला की उजेडाचे बारीक ठिपके छतावर, कपाटावर, तुमच्या पांघरुणावर पसरतात. आणि बटण इतकं खाली, की पाच वर्षांच्या मुलीचाही हात पोचावा.

दिल्लीत, सरोजिनी नगरच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये, लुंबिनीच्या खाटेशी असा दिवा होता. तिच्या आईनं, प्रेमलानं, तो स्वतः बसवला होता. लुंबिनी आता अकरा वर्षांची होती, आणि आईला जाऊन एक हिवाळा उलटला होता.

घरातलं विजेचं काम आईच करायची. पप्पांना, म्हणजे वाल्मीकना, ऑफिसच्या फाइली सोडून कशातलं काही कळत नाही, असं ती हसत म्हणायची. तिची पद्धत ठरलेली. आधी टेस्टर चालू प्लगमध्ये लावून तो पेटतो का बघायचं. त्याच्यावरही डोळे झाकून विश्वास नाही. मग व्हरांड्यातल्या मेन स्विचचा दांडा खाली. मग पांढऱ्या चिनीमातीचा फ्यूज उपसून लुंबिनीच्या मुठीत.

"हा तुझ्याकडे आहे तोवर कुणी चुकूनही लाइट लावू शकत नाही," आई सांगायची. "मी खाली उतरून मागेन तेव्हाच द्यायचा. दुसऱ्या कुणी मागितला तर?"

"बिल्कुल नाही!"

"शाब्बास, चौकीदार."

फ्यूज घामेजलेल्या मुठीत आवळून लुंबिनी स्टुलापाशी उभी राहायची. काम झालं की आई उतरायची आणि हात पुढे करायची. दर वेळी उतरायची.

आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मात्र लुंबिनीच्या हातात धरायला काहीच नव्हतं.

त्या दिवशी तापानं फणफणलेल्या आईनं दवाखान्यात जायला निघताना चाळणीच्या दिव्याचं बटण दाबलं होतं. "मी येईपर्यंत राहू दे चालू," ती म्हणाली होती. तेव्हापासून त्या बटणाला कुणी हात लावला नाही. लाइट जायची, यायची. आली की दिवा आपोआप लागायचा.

आज क्वार्टर रिकामं करायचं होतं. कॉलनी पाडणार होते. सगळं सामान टेम्पोत चढलं होतं. राहिला होता तेवढा दिवा.

"भाईसाब, और कितना टाइम?" टेम्पोवाला बाहेरून ओरडला.

"बस, दो मिनट!" पप्पांनी स्टूल ओढलं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन वर चढले. दिवा चालूच होता.

"पप्पा, आधी मेन बंद करा ना."

"दोनच स्क्रू आहेत गं."

"आई असं नाही करायची."

"आई..." पप्पांनी स्क्रूड्रायव्हर पहिल्या स्क्रूवर टेकवला. ते भिंतीकडेच बघत राहिले. "लुंबी, लाइट गेली की परत येते. पण आज मी हा बंद केला, तर या घरात तो पुन्हा लागणार नाही. तिनं लावलेला आहे तो. मला नाही जमणार. तू जरा बाजूला हो."

स्क्रूड्रायव्हर चाळणीवर खडखडला. ठिपके छतावर हलले.

त्यांना ओढून खाली घ्यावं असं लुंबिनीला वाटलं. पण तारांशी काम करणाऱ्याला धक्का द्यायचा नाही, हे आईनं बजावलेलं. आई गेली होती. आता घरात पप्पाच होते, आणि तेही चालू दिव्याला हात घालत होते. ती व्हरांड्याकडे पळाली. मेनचा दांडा तेवढा तिला खाली करता येत होता. बाकी कशालाही हात लावायची तिला परवानगी नव्हती. दोन्ही हातांनी तिनं तो ओढला.

खट्.

सगळे ठिपके गेले.

"लुंबी!" रिकाम्या घरात ती हाक फार मोठी झाली. पप्पा धावत आले. "काय केलंस हे?"

"बटण चालूच आहे, पप्पा," लुंबिनी रडत म्हणाली. "आईनं दाबलं तसंच आहे. मी फक्त मेन बंद केला."

पप्पांनी खाली ओढलेल्या दांड्याकडे पाहिलं. दाराला टेकून ते तोंडावर हात धरून उभे राहिले. बाहेर हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मग त्यांनी फ्यूज उपसला आणि तिच्या मुठीत दिला.

"टेस्टर तपासला होता का?" तिनं नाक पुसत विचारलं.

"हो, मॅडम. सकाळी फ्रिजच्या प्लगला."

पप्पा पुन्हा स्टुलावर चढले आणि त्यांनी दिव्याच्या तारेला टेस्टर लावला; तो पेटला नाही. त्यांनी तारा सोडवल्या, टोकांना टेप गुंडाळली. चाळणी, दिवा आणि ते दाबलेलं बटण त्यांनी आईच्या सुती साडीत बांधलं. मग ते स्टुलावरून उतरले आणि त्यांनी हात पुढे केला.

"दे आता. जागेवर ठेवून जायला हवा."

आईशिवाय कुणालाच द्यायचा नाही, असं ठरलं होतं. लुंबिनीनं रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मग पप्पांच्या पायांकडे. दोन्ही पाय जमिनीवर होते.

तिनं मूठ उघडली. फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला, त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटवली, आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.