महिना एक टक्का

दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास पैशाचे व्यवहार शिकवायचे असं शाळेनं ठरवलं, आणि भौतिकशास्त्र शिकवणारा मी मोकळा दिसलो. पुस्तकातली उदाहरणं मला खोटी वाटायची. मी मुलांना सांगितलं, "घरातला कर्जाचा एक खरा कागद आणा. आपण त्याचा खरा दर काढू."

'तराजू'नं एक पिवळं कार्ड आणलं. ही मुलगी डब्यातले शेंगदाणेसुद्धा मोजून वाटायची, म्हणून वर्गानं तिचं हे नाव पाडलं होतं. तिची आई इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात इस्त्रीवर होती. स्वतःच्या ऑपरेशनसाठी तिनं मालकाकडून साठ हजारांची उचल घेतली होती : महिना एक टक्का, बारा हप्ते, पगारातून कापून.

"म्हणजे वर्षाला बारा टक्के. स्वस्तच की, सर."

"फळ्यावर ये."

मुद्दल दर महिन्याला फिटत होतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या साठ हजारांवर लागत होतं. तिनं एक दर धरून पाहिला, चुकली, दुसरा धरला. तिसऱ्या खेपेला साडेएकवीसवर हिशेब जुळला.

"मापात पाप सापडलं गं, तराजू!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं.

मी इतका खूश झालो की समोर येईल तो कागद तपासायच्या सवयीनं कार्डाच्या मागे लाल पेनानं लिहिलं : 'खरा दर २१.५%. शाबास!' खाली सही आणि तारीख.

ते कार्ड दर पगाराला कारकुनापुढे ठेवून शिक्का मारून घ्यावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी तिची आई शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी होती.

"सर, ही सही तुमची ना?"

"हो."

"मालक म्हणाले, घरात हिशेबनीस पोसताय, मग आमच्याकडे हात कशाला पसरता? काढलं मला. राहिलेले पाच हप्ते, अठ्ठावीस हजार, महिनाअखेर एकदम मागितलेत."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"बोला. लिहून तर झालंच आहे."

मालकांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. पलीकडे वाफेच्या इस्त्र्या फुसफुसत होत्या.

"गणित बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण मी लपवलं काय? महिना एक टक्का, ठळक लिहिलंय. बँक या बाईला दारात तरी उभी करेल का?"

"चूक माझी आहे. त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं."

"चाळीस बायका आहेत इथे, सर. चाळीस कार्डं. दुपारच्या सुट्टीपर्यंत साडेएकवीस सगळ्यांच्या तोंडी होतं." त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "आईला परत घेणार नाही. मुलीला पाठवा. चादरींच्या घड्या घालेल. आईच्या निम्मा पगार, सात हजार, आणि फिटेपर्यंत सगळा कापून घेईन."

"ती दहावीत आहे."

"हुशार आहे, ऐकलंय मी."

माझ्या खात्यात नऊ हजार होते. मी ते तिच्या आईच्या हातावर ठेवले. नको म्हणायची चैन तिला परवडणारी नव्हती, तिनं घेतले. मुलगी शेजारी उभी होती.

"एकोणीस भागिले सात," ती म्हणाली. "तीन महिन्यांना थोडे कमी. परीक्षेच्या दिवसांत सोडतो म्हणालेत, सर, पण बिनपगारी. हजेरीचं काय करायचं?"

हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षा दहा आठवड्यांवर होती, आणि आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिची महिनाभर शाळा आधीच बुडाली होती.

"हजेरीचं मी बघतो," मी म्हणालो.

सोमवारी सात वाजता ती कारखान्यात गेली. वर्गशिक्षक मीच होतो; मी तिला हजर लिहिलं. मंगळवारीही. प्रयोगवहीत एक खोटा आकडा लिहिला म्हणून मी मुलांना वर्गाबाहेर काढलं होतं; इथे सतरा दिवस लिहिले, आणि हात अडखळला नाही. नंबर पुकारला की वर्ग गप्प बसायचा. कोणी चुगली केली नाही.

अठराव्या दिवशी मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी डोकी मोजली, मग हजेरीवही मागितली. तिच्या नावापुढच्या सतरा खुणा त्यांनी पट्टी लावून एका रेघेत खोडल्या आणि बाजूला गैरहजेरीचे दिवस भरले. टक्केवारी त्यांनी मलाच काढायला लावली.

मी काढली. अडुसष्ट आली.