एका दुपारी बदललेल्या तळटीपा

समाजशास्त्राच्या मुलांना मी मोफत लेखन-सॉफ्टवेअर शिकवायला गेले, तेव्हा विभागप्रमुख दारातच म्हणाले, "फुकट मिळतं म्हणजे काहीतरी गोम असणारच." डोक्यात तिडीक गेली, पण समोर मुलं बसली होती.

मुलं आधी बिचकली. "आम्हाला हे जमेल का, मॅडम?" पाळणाघरात काम करणाऱ्या बायकांवर प्रबंध लिहिणारी एक मुलगी मात्र जेवायलाही उठली नाही. नंतर तिनं नेटानं एकेका पुस्तकाची, एकेका मुलाखतीची नोंद त्या सॉफ्टवेअरमध्ये भरली आणि सगळ्या तळटीपा त्यातूनच घातल्या.

प्रबंध देण्याच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख सरांनी फर्मान काढलं: तळटीपा नकोत, संदर्भ मजकुरातच कंसात द्या. विभागात हे काम हातानंच करायची रीत. सरांनी जन्मभर एकेक तळटीप कापून चिकटवली, म्हणून सगळ्यांनी तसंच मरायचं! प्रबंधावर सरांची सही मिळाली नाही, तर पोरीचं वर्ष वाया जाणार होतं.

तिनं सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ देण्याची शैली बदलली, सगळ्या तळटीपा आपोआप कंसात गेल्या, आणि त्याच दुपारी प्रबंध सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी पानं उलटली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इतक्या लवकर? कोणाकडून लिहून घेतलंस?"

तिनं मला बोलावून घेतलं. मी पोचले, तेव्हा रडून तिचे डोळे सुजले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी मुद्दाम खोडा घालायचा, आणि पोरीनं तो काढला की तिलाच चोर ठरवायचं?

"सर, तुमच्यासमोर करून दाखवू द्या तिला," मी म्हणाले. आवाज चढलाच होता, चढू दिला.

तिनं लॅपटॉप उघडला. यादीतून जुनी शैली निवडली, तळटीपा परत आल्या. नवी निवडली, कंस आले. सर खुर्ची ओढून पुढे सरकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

सॉरी वगैरे काही नाही. एकदम गोड आवाजात म्हणाले, "अगं, माझ्या पुस्तकाच्या तळटीपा राहिल्यात. तेवढ्या करून देशील?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं प्रबंधाचं पहिलं पान त्यांच्यासमोर सरकवलं.

"आधी सही, सर. मग शिकवते. करायच्या मात्र तुम्हीच."